तांबड्या दिव्याखालची पंधरा मिनिटं

१

डबा उचलला तेव्हाच बाईंना कळलं, की यात काही नाही.

पत्र्याचा गोल डबा. वर निळ्या शाईत २१२ हा आकडा, खाली सव्वीस वर्षांपूर्वीची तारीख आणि ‘दुपारचं प्रसारण’ एवढेच शब्द. झाकण उघडलं तर आत प्लॅस्टिकचं रिकामं चाक. त्यावरची फीत कुणीतरी काढून नेली होती.

मंगळवारची सकाळ होती. येत्या रविवारी गावाच्या रेडिओ केंद्राला चाळीस वर्षं पुरी होणार होती आणि त्यानिमित्त केंद्राच्या इतिहासावर दोन तासांचा कार्यक्रम व्हायचा होता. तो लिहायचं काम बाईंकडे होतं. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. गेले दोन महिने रोज सकाळी केंद्रावर यायचं, जुन्या टेपा ऐकायच्या, फोटो लावायचे, श्रोत्यांची पत्रं वाचायची, हा त्यांचा नेम होता.

केंद्र म्हणजे मुळात बियाण्यांचं गोदाम. पहिल्या दिवशी माइकची दांडी वेळेवर पोचली नाही, तेव्हा निवेदकाने तासभर माइक हातात धरून कार्यक्रम रेटला होता. पुढे हरवलेल्या गाई, परीक्षांचे निकाल, बसच्या बदललेल्या वेळा, कुणाकडे कोण वारलं, सगळं गावाला इथूनच कळायचं. गाव डोळे उघडायच्या आधी कान उघडायचं.

टेपांची खोली म्हणजे केंद्राचा पहिला स्टुडिओ. खिडकी नाही, भिंतींना आणि दाराला आवाज शोषणारा लोकरीचा जाड नमदा, दार चांगलं वीतभर जाडीचं. आतल्या बाजूची मूठ कधीच तुटली होती, म्हणून दाराखाली लाकडी पाचर सरकवून ते उघडं ठेवायचं, अशी सगळ्यांना ताकीद होती. कोपऱ्यात जुनं टेबल, माइक आणि भिंतीवर पलीकडच्या यंत्राच्या खोलीतला आवाज ऐकवणारा कर्णा अजून होता. कधीमधी एखादी मुलाखत तिथेच उरकायचे.

बाईंनी फळीवर बोट फिरवलं. २११ च्या पुढे धुळीचा थर, २१३ च्या पुढेही थर. मधे मात्र धूळ पुसून गेलेला स्वच्छ पट्टा, डबा नुकताच ओढून काढल्यासारखा. नोंदवहीत तर ही टेप गेल्या पंचवीस वर्षांत एकदाही बाहेर गेलेली नव्हती. बाईंनी ती ऐकायला मागितल्याची चिठ्ठी दिली होती शनिवारी संध्याकाळी. रविवार-सोमवार टेपांची खोली बंद. किल्ल्या तिघांकडेच, आणि चिठ्ठीही त्या तिघांनीच पाहिलेली.

बाईंनी झाकण लावलं, डबा होता तिथे ठेवला आणि कुणाला हाक मारली नाही. कारण त्या टेपेवर नऊ माणसांच्या मरणाची दुपार होती, आणि त्या मरणांचा दोष ज्याच्या माथी बसला होता तो बाईंचा सख्खा भाऊ होता.

२

दादाला गाव ‘आवाज’ म्हणायचं. दुकानात गेला तरी लोक म्हणायचे, आवाज आला. माइक हातात धरून पहिला तास काढणारा निवेदक तोच.

सव्वीस वर्षांपूर्वी त्या दुपारी अडीचला धरणावरून केंद्रात फोन आला. पाणी सोडावं लागतंय, खालची आळी ताबडतोब रिकामी करा. फोन घेतला यंत्राच्या खोलीत बसणाऱ्या इंजिनिअरने. त्याच्याकडे पदवी वगैरे काही नव्हती, गावानेच त्याला इंजिनिअर केलं होतं. त्याने निरोप कागदावर उतरवला आणि स्टुडिओत दादाच्या हातात दिला. इथपर्यंत कुणाचंच दुमत नव्हतं.

पुढचं दादा असं सांगायचा. तांबडा दिवा लागला. दिवा लागला म्हणजे माइक सुरू. त्याने निरोप सावकाश, स्पष्ट, दोनदा वाचला. मग दिवा विझायची वाट पाहत बसला, कारण दिवा असेपर्यंत खोकायचं नाही, खुर्ची हलवायची नाही, उठायचं तर नाहीच, हा त्या खोलीचा नियम. स्टुडिओ आणि यंत्राची खोली यांच्यामधे काच बसायची होती ती कधी बसलीच नाही, त्यामुळे पलीकडचं दिसायचा प्रश्न नव्हता. दिवा लागला की कर्णाही बंद व्हायचा. दिवा काही विझला नाही. दादा पंधराएक मिनिटं तसाच बसून राहिला. मग वीज गेली. तोवर पाणी खालच्या आळीत शिरलं होतं.

आळीत घरोघरी रेडिओ चालू होते. एकानेही निरोप ऐकला नव्हता.

चौकशी समितीपुढे इंजिनिअरने सांगितलं, की तो पूर्ण वेळ यंत्रापाशी होता, निवेदकाने दिवा मागितला नाही, त्याने दिला नाही. दुपारच्या प्रसारणाची टेप वाजवून दाखवण्यात आली. त्यावर वीज जाईपर्यंत एकामागून एक पाच गाणी होती. निरोप नव्हता. दादा घाबरला, गोंधळला, नाहीतर चक्क विसरला, असा निष्कर्ष निघाला.

तेव्हापासून दादा घराच्या मागच्या खोलीत राहतो. बाईंनी लग्न केलं नाही. मोठ्या शहरातली नोकरी चालून आली तीही घेतली नाही. दादाला एकटं ठेवायचं कसं, हा एकच प्रश्न सगळ्या प्रश्नांचं उत्तर होऊन बसला. लोक वाईट वागले नाहीत, पण बाई दुकानात शिरल्या की बोलणं थांबायचं, आणि ते थांबणंच त्यांना जास्त बोचायचं. इतक्या वर्षांत त्यांनी दादाला धीर दिला, औषधं दिली, वर्तमानपत्र वाचून दाखवलं. एक गोष्ट मात्र कधी उच्चारली नाही. त्यांचाही दादावर विश्वास बसला नव्हता.

३

बाई आधी साहेबांकडे गेल्या. साहेब केंद्राचे प्रमुख, सहा वर्षांपूर्वी बदलून आलेले, सदा घाईत. टेप नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला, पण बाईंना वाटलं, त्यात थोडी सुटकाही होती. इतिहास आनंदी असावा, पुराचा उल्लेख दोन वाक्यांत उरकावा, असं त्यांनी आधीच तीनदा सुचवलं होतं. बाईंनी सरळ विचारलं, तेव्हा ते म्हणाले की मला ती टेप नकोच होती, पण त्यासाठी चोरी कशाला करू? तुमच्या चिठ्ठीवर ‘नामंजूर’ लिहिलं असतं की काम झालं असतं. हे बाईंना पटलं. साहेब नाही म्हणायला कधी लाजत नसत. नगरपालिकेत बैठक आहे म्हणून ते लगेच निघूनही गेले.

इंजिनिअर डोंगरावरच्या मनोऱ्याकडे जायच्या तयारीत होता. सकाळचं प्रसारण संपलं की दुपारी दोनपर्यंत केंद्र बंद असायचं, तेवढ्या वेळात तो रोज वर जाऊन यायचा. साठीला आलेला, हडकुळा, कमी बोलणारा माणूस. बाईंनी टेपेचं विचारलं तेव्हा त्याने पिशवीत पक्कड टाकता टाकता सांगितलं, की जुन्या टेपा जीर्ण होतात, कुणी टाकून दिली असेल. मग बाईंनी दिव्याचं विचारलं. माइक बंद असताना दिवा लागू शकतो का?

तो म्हणाला, नाही. दिव्याला आणि माइकला कळ एकच. ती वर केली की दोन्ही. हवं तर बघा. त्याने यंत्रावरची काळी कळ वर-खाली करून दाखवली.

जाताना दारात थांबून तो म्हणाला, “बाई, तुमच्या भावाबद्दल माझ्या मनात काही नाही. तेव्हाही नव्हतं.”

तिसऱ्या म्हणजे वहिनी. इंजिनिअरची बायको, पण केंद्रावर सगळ्यांचीच वहिनी. पुरानंतर दोन वर्षांनी त्या टेपा सांभाळायच्या कामावर लागल्या आणि तेव्हापासून त्यांनी एक दिवस दांडी मारल्याचं कुणाला आठवत नव्हतं. रोज अकराला त्या बाईंसाठी घरून थर्मासमधून चहा आणायच्या, कापडी पिशवीतून, वर दोन कप उपडे घालून. दोन महिन्यांत बाईंना त्यांचा लळा लागला होता.

टेप गेल्याचं ऐकून वहिनी म्हणाल्या, की शनिवारी चिठ्ठी पाहिली, पण डब्याला हात लावला नाही. पुराचा विषय निघाल्यावर त्यांनी पदराने कप पुसत सांगितलं ते सगळ्या गावाला माहीत होतं. त्यांचं घर खालच्या आळीतच होतं, पार वाहून गेलं. पण त्या दिवशी सकाळीच त्या सहा महिन्यांच्या मुलीला घेऊन डोंगरापलीकडे आईकडे गेल्या होत्या. तिथे तेव्हा केंद्र लागतही नसे. संध्याकाळी कळलं तेव्हा मागे घर नव्हतं.

“नशीब म्हणायचं,” वहिनी म्हणाल्या, आणि चहा ओतू लागल्या.

तिघांपैकी एकजण खोटं बोलत होता, आणि बाईंना तिघांचंही खरं वाटत होतं.

४

टेप नाही तर पत्रं. टेपांच्या खोलीत मागच्या भिंतीशी पत्रांची पोती रचली होती. केंद्राला पत्र लिहिण्याची गावाला भारी हौस होती आणि केंद्रालाही काही टाकवत नसे. बाईंनी वर्षांप्रमाणे पोती लावून घेतली होती, पण पुराच्या आठवड्याचं पोतं बांधलेलंच राहिलं होतं. तेव्हा केंद्र महिनाभर बंद पडलं होतं. त्या आठवड्याची टपाल पिशवी पोत्यात कोंबून कुणीतरी सुतळी आवळली, ती आजवर सुटली नव्हती.

वहिनींनीच कात्री आणून दिली. दोघी जमिनीवर बसून पोस्टकार्डं चाळू लागल्या. एकाला विशिष्ट गाणं हवं होतं, एकाने कविता पाठवली होती, एका आजोबांना निवेदकाचं ‘नमस्कार’ फार आवडायचं. मग बाईंच्या हाती एक कार्ड आलं. वरच्या पेठेतल्या शिंप्याचं. तारीख पुराच्या दिवसाची.

‘केंद्रावर कुणी जागं आहे का? आज दुपारी अडीच वाजून गेल्यावर तुमची तबकडी अडकली ती एकाच शब्दावर. मी घड्याळ लावून पाहिलं. पंधरा मिनिटं झाली तरी तेच. तेवढ्यात माझ्या दोन बाह्या शिवून झाल्या. शेवटी वीजच गेली म्हणून सुटलो.’

बाईंनी ते दोनदा वाचलं. वरच्या पेठेत पाणी आलंच नव्हतं. शिंप्याने शांतपणे तक्रार लिहिली, पेटीत टाकली आणि तासाभराने खालच्या आळीची बातमी वर पोचून हाहाकार झाला. मग तबकडीची आठवण कोणाला राहणार? कार्ड आलं तेव्हा वाचायला केंद्रात कुणी नव्हतं.

त्यांनी पिशवीतून चौकशी अहवालाची प्रत काढली. टेपेवरची गाणी त्यात ओळीने दिली होती. पाच गाणी, अखंड, कुठेही व्यत्यय नाही. अडकलेली तबकडी नाही.

“वहिनी,” कार्ड हातात धरूनच बाई म्हणाल्या, “त्या दुपारी तबकडी अडकली होती म्हणे.”

वहिनी पत्रांचा गठ्ठा बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “हो ना. झुला, झुला, झुला. डोकं उठवलं होतं नुसतं.”

बाईंचं लक्ष अहवालात होतं. त्यांनी ‘हं’ केलं आणि पान उलटलं. वहिनी सुतळी आणते म्हणून उठल्या. पावलं दारापर्यंत गेली. लाकूड फरशीवर घासल्याचा आवाज आला. मग दार मिटलं, इतकं हलकेच, की बाईंना ते मिटल्याचं कळलं ते कानात दडे बसल्यासारखं वाटलं तेव्हा.

५

त्यांनी आधी हाका मारल्या. मग दारावर थापा मारल्या. नमद्यावर हात आपटला की गादीवर आपटल्यासारखा आवाज यायचा आणि तोही तिथेच जिरायचा. मुठीच्या जागी नुसतं भोक होतं. बाईंनी त्यात कात्रीचं टोक घालून फिरवलं, कात्री वाकली.

पंखा बंद होता. त्याची कळ बाहेर. आधी त्यांना राग आला, मग भीती वाटली. बासष्ट वर्षांची बाई, रक्तदाबाची गोळी घरी, साहेब बैठकीत, इंजिनिअर डोंगरावर. कान फुटेल एवढं ओरडलं तरी पलीकडच्या खोलीत माशीच्या पंखाएवढंही ऐकू जाणार नाही, अशी ती खोली मुद्दाम बांधलेली. ओरडून ओरडून घसा बसला तेव्हा त्या टेबलापाशी खुर्चीवर बसल्या. समोर माइक होता, दाराच्या वर विझलेला दिवा.

आणि तिथे बसल्यावर त्यांना कळलं, की दादा याच खुर्चीत बसला होता. भिंतीकडे बघत, पंधरा मिनिटं, न खोकता.

वर्गात एखादी मुलगी गडबडली की त्या सांगायच्या, आधी काय नक्की माहीत आहे ते मांड. त्यांनी मांडायला घेतलं.

तबकडी अडकली की यंत्रापाशी बसलेला माणूस हात पुढे करून सुई उचलतो. दोन क्षणांचं काम. पंधरा मिनिटं ती अडकून राहिली, म्हणजे यंत्रापाशी कुणी नव्हतं. इंजिनिअर समितीपुढे खोटं बोलला होता. टेपेवर पाच गाणी अखंड होती, म्हणजे अडकलेला भाग कापून तिथे दुसरी गाणी जोडली होती. टेप त्याच्याच ताब्यात असायची. आणि ते जोड आता सव्वीस वर्षांनी पहिल्याच फेऱ्यात सुटले असते. म्हणून टेप गेली.

पण दिवा? दिवा कुणी लावला?

बाईंनी फोटोंचं पाकीट उघडलं. उद्घाटनाच्या दिवसाचा एक फोटो होता, यंत्राभोवती उभी असलेली मंडळी. पत्रं वाचायचं भिंग त्यांनी त्यावर धरलं. काळ्या फळीवर कळा दोन होत्या. एकीच्या खाली पांढऱ्या रंगात ‘दिवा’. दुसरीच्या खाली ‘माइक’.

म्हणजे आज असलेली एकच कळ पुरानंतर बसवली होती. त्या दुपारी कुणीतरी दिव्याची कळ वर केली आणि माइकची तशीच राहिली. दिवा लागला, कर्णा बंद झाला, दादाने निरोप वाचला. सावकाश, स्पष्ट, दोनदा, चार भिंतींना.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

राहिला एकच प्रश्न. पुराचा निरोप स्वतःच्या हाताने लिहून घेतल्यावर माणूस यंत्र सोडून कुठे जाईल? त्याचं घर खालच्या आळीत होतं. आणि घरात कोणी नव्हतं, तर जायचं कारण काय? मग त्यांना ‘झुला’ आठवलं. शिंप्याने कार्डात शब्द लिहिला नव्हता. टेपेवर तो राहिला नव्हता. डोंगरापलीकडे केंद्र लागत नव्हतं. तो शब्द त्या दुपारी गावात ज्याने रेडिओ ऐकला, त्यालाच माहीत असणार.

बाईंनी मान वर केली. दाराच्या वरचा तांबडा दिवा लागला होता.

६

दिवा लागला म्हणजे पलीकडे कुणीतरी कळ वर केली होती. आता आपला आवाज यंत्राच्या खोलीत जातो आहे, हे त्यांना कळलं. पण ओरडावंसं वाटलं नाही.

“वहिनी,” त्या माइकमधे म्हणाल्या, “तुम्ही आईकडे गेला नव्हता.”

दिवा विझला आणि भिंतीवरचा कर्णा खरखरला.

“नव्हते,” वहिनींचा आवाज आला.

मग त्या बोलत गेल्या. दुपारची वेळ, मुलगी नुकतीच झोपली होती, रेडिओवर झुल्याचं गाणं अडकलं होतं. एवढ्यात नवरा धावत आला, सायकल दारात टाकून. म्हणाला, पोरीला उचल, चल. वहिनींना समजेना. त्यांनी विचारलं, तुम्ही इथे, मग तिकडे तबकडी कोण बघतंय? हे ऐकून तो मटकन उंबऱ्यावर बसला. आळीतल्या प्रत्येक घरातून तोच शब्द येत होता. निरोप कुठूनच येत नव्हता. दोन्ही कळा वर केल्या असं त्याला वाटलं होतं. मग तो उठला आणि मुलीला कडेवर घेऊन मागच्या वाटेने चढू लागला. लोक जेवून आडवे झाले होते, दारं लोटलेली होती. कुणी पाहिलं नाही.

“ओरडायला हवं होतं,” कर्णा म्हणाला. “त्यांनी नाही तर मी. शब्द तोंडात आला होता, बाई. पण पाय थांबेनात. वळणावर पोचलो आणि मागे पाण्याचा आवाज आला.”

इंजिनिअरने दुसऱ्या दिवशी टेप कापली. कापलेला तुकडा तो जाळणार होता, वहिनींनी जाळू दिला नाही. का, ते त्यांना तेव्हाही सांगता आलं नसतं. पुढे टेपांवर लक्ष ठेवायला म्हणून त्यांनी ही नोकरी मागून घेतली. डबा कधी कुणी उघडेल, या धास्तीत एक दिवस रजा घेतली नाही. मुलीच्या लग्नातही दुपारी येऊन फळी बघून गेल्या. मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. रविवारी डबा त्यांनीच रिकामा केला होता. आज तोंडून शब्द निसटला तेव्हा काय करतोय हे न कळता पाचर ओढली होती.

दिवा पुन्हा लागला. आता बाईंनी बोलायचं होतं.

बाईंना पुष्कळ बोलायचं होतं. बंद खोलीतल्या माणसाचं, न झालेल्या लग्नाचं, दुकानात थांबणाऱ्या बोलण्याचं. पण घसा बसला होता आणि हवा कोंदली होती.

“वहिनी, दार उघडा. मला इथे बसवत नाही,” त्या म्हणाल्या.

दार उघडलं. वहिनी उंबऱ्यावर उभ्या होत्या, हातात चहाची कापडी पिशवी. त्यांनी ती बाईंच्या हातात दिली. थर्मासच्या खाली कागदात गुंडाळलेली दोन रिळं होती, एक मोठं, एक लहान.

७

इंजिनिअर एक वाजता डोंगरावरून उतरला. यंत्राच्या खोलीत दोघी आणि मधे टेबलावर ते लहान रीळ पाहून त्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. त्याने काही नाकारलं नाही. एवढंच विचारलं, की आधी कुठे सांगायचं. बाई म्हणाल्या, माझ्या घरी.

तिघं चालत गेले. दादा मागच्या खोलीत खाटेवर बसून नखं कापत होता. इंजिनिअर उभ्यानेच सगळं बोलला, काही न वगळता, खाली बघत. दिव्याची कळ, माइकची कळ, सायकल, कात्री, नवी कळ. दादा ऐकत राहिला. तो चिडेल, रडेल, निदान उठून उभा राहील असं बाईंना वाटलं होतं. तो इतकंच म्हणाला, “म्हणजे मी वाचलं होतं.”

“वाचलं होतंत,” इंजिनिअर म्हणाला.

“दोनदा?”

“ते मला कसं कळणार, मी नव्हतोच. पण तुम्ही म्हणता तर दोनदा.”

ती दोघं गेल्यावर दादा बहिणीकडे वळला. सुरुवातीची काही वर्षं त्याची खात्री होती. पुढे पुढे त्याला वाटू लागलं, की आपण मनातच वाचलं असेल. ओठ हलले असतील आणि आवाज आला नसेल. रोज तो ती पंधरा मिनिटं पुन्हा बसून काढायचा आणि रोज उत्तर वेगळं यायचं. हे सगळं त्याने पहिल्यांदाच सांगितलं. मग विचारलं, “तुला काय वाटत होतं?”

बाईंना खोटं बोलता आलं असतं. सव्वीस वर्षं जमलं होतंच.

“तू विसरलास, असं वाटत होतं,” त्या म्हणाल्या.

दादाने मान डोलावली. रागावला नाही. म्हणाला, “तरी थांबलीस.”

साहेबांनी हे प्रसारित करायला दोन दिवस नाही म्हणून पाहिलं. तिसऱ्या दिवशी लहान रीळ ऐकलं आणि दार लावून बसून राहिले. रविवारी केंद्राचा इतिहास ठरल्या वेळी प्रसारित झाला. गोदाम, माइकची दांडी, हरवलेल्या गाई, सगळं होतं. पुरापाशी आल्यावर बाईंनी वाचन थांबवलं आणि इंजिनिअर माइकपुढे बसला. त्याने लिहून आणलेला कागद वाचला. अर्ध्यात आवाज गेला, तेव्हा शेजारी बसलेल्या वहिनींनी कागद घेतला आणि स्वतःचं नाव त्यात घालून शेवटपर्यंत वाचला. आदल्या संध्याकाळी त्यांनी मुलीला फोन करून सांगितलं होतं. मुलगी रविवारी सकाळच्या पहिल्या बसने येऊन केंद्राच्या दाराबाहेर बाकावर बसली होती.

बाई घरी पोचल्या तेव्हा दादा चपला घालत होता. खालच्या आळीपर्यंत जाऊन येतो, म्हणाला. बाईंनी विचारलं, मी येऊ का? तो म्हणाला, नको.

तो परतला तो चांगला तीन तासांनी. चेहरा उन्हाने लाल झाला होता. बाईंनी पाणी दिलं आणि समोर बसल्या. त्यानेच सांगितलं. आळीच्या टोकाला एक म्हातारी राहते, तिचे दोन मुलगे पाण्यात गेले. तिने खुर्ची दिली. मग तासभर त्याला बोल लावले. दिवा विझला नाही तर उठून बघायचं नाही का, दार उघडून ओरडायचं नाही का, नियम मोठा की माणसं मोठी. तिला उत्तर नकोच होतं. इंजिनिअरलाही तिने सोडलं नाही. मग ती दमली, आत गेली, त्याच्यासाठी चहा घेऊन आली.

“निघताना म्हणाली, उद्या ये. माझं बोलून झालेलं नाही,” दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून तो पुन्हा गेला.